दोन खाचा खाली

एस्बियर, १४ मार्च १९६६

चि. सौ. व्हिबेके हिला थोराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं काल संध्याकाळच्या गाडीने सुखरूप पोचलो. स्टेशनाबाहेर वाऱ्याने एगॉनची टोपी उडवली, ती एका बाईने पायाखाली दाबून धरली म्हणून मिळाली. टोपी मिळाली पण आता तिच्यावर बुटाचा ठसा आहे. तुझा वाढदिवसाचा केक चांगला झाला होता. जरा गोड जास्त, पण तुम्हा ओडेन्सच्या लोकांचा हात साखरेला सैलच.

आता मनातलं लिहिते, कारण मनात ठेवलं की माझं पोट दुखतं. तुझी ती भिंत. अठ्ठावन्न साली तुझ्या नवऱ्याने, प्रेबेनने, ती आणली तेव्हा मी म्हटलं होतं, हे काय गं, सगळं लटकतंय, पडेल एक दिवस डोक्यात. चार उभ्या सागाच्या पट्ट्या भिंतीला ठोकलेल्या, पट्ट्यांना चार-चार बोटांवर खाचा, आणि खाचांत अडकवलेलं सगळं घर: पुस्तकांच्या फळ्या, खण, लिहायला खाली पाडता येणारी फळी, काचेच्या दाराचं कपाट. जमिनीला काही म्हणून टेकत नाही. झाडू खालून सरळ आरपार जातो. आठ वर्षं झाली, मेली एक फळी वाकली नाही. उलट तेल पाजून पाजून तू तो साग असा केला आहेस की संध्याकाळच्या उन्हात भाजलेल्या पावासारखा दिसतो. आणि माझ्याकडे सासूबाईंचं ओकचं कपाट, त्याला सिंहाचे पाय. हलवायला चार माणसं लागतात. त्याच्याखाली काय काय मरून पडलं असेल, देव जाणे.

बरं, आहे ते आहे. पण तुला स्वस्थ का बसवत नाही? दर वर्षी यावं तर भिंत बदललेली. दोन वर्षांपूर्वी काचेच्या कपाटातला पेला काढायला मला टाचा उचलाव्या लागायच्या. गेल्या वर्षी कपाट नाकासमोर होतं. यंदा छातीशी. पुस्तकं कमरेला. वर अर्धी भिंत उघडीबोडकी, नुसत्या पट्ट्या. ही नवी फॅशन असेल तर मासिकाचं पान तरी पाठव, म्हणजे आम्हा अडाण्यांनाही कळेल.

आणि अजून एक. प्रेबेनराव दिवसभर खुर्चीत राजासारखे बसून होते. कॉफी एगॉनने ओतली, पेले एगॉनने काढले, खिडकीही एगॉननेच लावली. माझा नवरा जहाजावरचा सुतार आहे, हॉटेलातला वाढपी नाही. आणि निघताना मी हात पुढे केला तर प्रेबेनने तो घेतला नाही, नुसती मान हलवली. मी बावीस वर्षं मासे कापते, वास नखांत बसतो, लिंबाने घासूनही जात नाही, मला माहीत आहे. पण बँकेतल्या माणसाने तो असा दाखवून द्यावा?

डबा परत पाठव. लोभ आहेच, तो काही मी घासून काढत नाही.

तुझी,
थोराताई


ओडेन्स, २२ मार्च १९६६

ती. सौ. थोराताईस व्हिबेकेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग शेवटाला आल्यावर बसूनच राहिले. ताई, तुझ्या हाताचा वास आमच्या घरात कुणालाही खटकत नाही. प्रेबेन त्या दिवशी फार थकले होते. बँकेत वर्षअखेरीचं काम असतं, संध्याकाळी खांदे भरून येतात. तू मनावर घेऊ नकोस. हे मी वरवरचं लिहीत नाही.

भिंतीचं म्हणशील तर तिचा हाच तर गुण आहे. माणसाला हवं तसं बदलता येतं. एकदा अशी, एकदा तशी. मला खालचं बरं वाटतं, हाताशी असतं सगळं. तुझ्या सिंहाला नावं ठेवू नकोस. लहानपणी तुझ्या सासरी आले की मी त्याच्या पंजांना मोजे घालायचे, आठवतं? तुझ्या सासूबाई रागावल्या होत्या आणि तू ते मोजे उशीखाली लपवले होतेस.

एक विनंती होती. एप्रिलच्या शेवटी एगॉनभावजींना दोन दिवस पाठवशील का? पुस्तकांची फळी अजून खाली घ्यायची आहे. भावजींचा हात सफाईचा. प्रेबेनना दुसऱ्या कुणी घरात ठोकाठोक केलेली आवडत नाही. जानेवारीत आणि फेब्रुवारीत भावजी येऊन गेले, आता पुन्हा त्रास देते आहे, समजून घे.

डबा सोबत पाठवते आहे, रिकामा नाही, बदामाच्या वड्या आहेत. गोड जास्त आहेत, तुझ्यासाठी मुद्दाम.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
व्हिबेके


एस्बियर, ९ जून १९६६

व्हिबेके,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

परवा पगाराच्या दिवशी मी पेठेतल्या फर्निचरच्या दुकानात गेले. तुझी भिंत डोक्यात बसली होती ना, म्हटलं, बघून तरी येऊ. दुकानात अगदी तस्सं लावलेलं. सागाच्या पट्ट्या, खाचा, पितळी आकडे. विकणारी पोरगी माझ्या बुटांकडे बघत होती, पण बोलायला गोड. मी विचारलं, फळी वरखाली करायची तर सुतार किती वेळ लावतो. ती हसली. म्हणाली, सुतार कशाला, आजी? आजी म्हणाली मला! आणि तिने एका हाताने फळी उचलली, दोन खाचा खाली अडकवली, झालं. स्क्रू नाही, हातोडी नाही. म्हणाली, पट्ट्या एकदा भिंतीत बसल्या की पुढे आयुष्यभर हत्यार लागत नाही, म्हणूनच तर लोक वेडे झालेत याच्यामागे. काचेचं कपाट तेवढं जड, त्याला दोघं लागतात, पण तेही पाच मिनिटांचं काम.

मी तिथेच एका खुर्चीवर बसले. पोरीने पाणी आणून दिलं.

पाच मिनिटं. आणि माझा नवरा एप्रिलमध्ये दोन दिवस, मे महिन्यात तीन दिवस आणि आता पुन्हा परवापासून तुझ्याकडे. हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून जातो. मी ती पिशवी काल उघडून बघितली. करवतीभोवती मी जानेवारीत गुंडाळलेलं वर्तमानपत्र, तीच गाठ, सुटलेलीसुद्धा नाही. कसली ठोकाठोक चालते गं तुझ्याकडे? घरी येतो तेव्हा बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि अंगाला तुमच्या न्हाणीघरातल्या साबणाचा वास. आमच्याकडे हिरवा साबण असतो, फरशीचा आणि माणसांचा एकच. मी मासे कापते म्हणून मला नाक नाही असं समजू नकोस.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? तुझ्याकडे जायच्या दिवशी तो सकाळी शीळ घालतो. माझ्या घरात त्याने कधी शीळ घातलेली नाही.

लहानपणी आपल्या गावात शाळा एक दिवसाआड होती. तेराव्या वर्षी माझी तीही सुटली आणि मी शेतावर मोलकरीण म्हणून गेले, का, तर घरात एकीलाच पुढे शिकवता येत होतं आणि तू हुशार होतीस. मी कधी बोलले नाही. तुला शहर मिळालं, बँकेतला नवरा मिळाला, सागाची भिंत मिळाली. मी जळले, पण हसून जळले. आता जे माझं एकच आहे त्यावर तरी हात टाकू नकोस.

एगॉन यापुढे येणार नाही. डबा ठेवून घे.

थोरा


ओडेन्स, १६ जून १९६६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू समजतेस तसं काही नाही. आईची शपथ घेऊन सांगते, आणि तुला माहीत आहे मी आईची शपथ कधी घेत नाही.

भावजी इथे काय करतात ते मला सांगता येत नाही. ती गोष्ट माझी नाही, म्हणून. माझी असती तर त्याच दिवशी गाडीत बसून तुझ्या स्वयंपाकघरात येऊन सांगितली असती.

एक ऑक्टोबरला प्रेबेनना बँकेत पंचवीस वर्षं होतात. रौप्यमहोत्सव. सकाळी अकराला मॅनेजर, त्यांच्या पत्नी आणि बँकेतली सगळी मंडळी घरी येतील. त्याआधी भावजी एकदा आले नाहीत तर आमचं फार अवघड होईल. ताई, माझ्यावर चीड, मला वाटेल ते बोल, पण त्यांना एकदा येऊ दे. पाया पडून मागते.

तू लोभ सोडलास तरी मी सोडत नाही.

व्हिबेके


एस्बियर, २४ जून १९६६

व्हिबेके हिला,

काल किनाऱ्यावर मध्यउन्हाळ्याची होळी झाली. होळीत जाळायच्या गवताच्या चेटकिणीला या वर्षी माझा जुना फुलाफुलांचा झगा घातला होता, शेजारणीने मागून नेला होता. सगळे हसत होते की थोरा जळते आहे बघा. त्यांना काय ठाऊक ते किती खरं बोलत होते.

तू म्हणतेस, सांगता येत नाही. म्हणजे एगॉनला सांगता येतं, मला नाही. पस्तीस वर्षांची बायको परकी, आणि तुम्ही तिघं आपले. मी त्याला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, जायला हवं. मी म्हटलं, का जायला हवं? तो म्हणाला, हवं म्हणून. आणि सायकल घेऊन भाजीच्या मळ्यावर निघून गेला, तिथल्या लाकडी खोपटात बसून राहिला. आठवडाभर आमच्या घरात बटाटे दे आणि मीठ दे याशिवाय शब्द नाही.

मी त्याला सांगून टाकलं आहे: गेलास तर बॅग घेऊन जा, आणि पुन्हा हा उंबरा नको.

पंचवीस वर्षांच्या कौतुकाचं म्हणशील, तर मलाही कारखान्यात बावीस झाली. कापायचं टेबल माझ्या उंचीला जास्त आहे म्हणून मी बावीस वर्षं माशांच्या उलट्या खोक्यावर उभी राहते. मुकादमाला म्हटलं, टेबल खाली घ्या. म्हणाला, टेबल सगळ्यांसाठी आहे, बाई, तुझ्यासाठी नाही. माझा रौप्यमहोत्सव त्या खोक्यावरच होईल. मॅनेजर येणार नाही.

थोरा


ओडेन्स, १७ सप्टेंबर १९६६

प्रिय थोरा,

तुला मी आयुष्यात पत्र लिहिलेलं नाही. लागलंच नाही, तू कायम समोर होतीस. आता लिहितो, कारण तोंडाने सांगायला गेलो तर तू मला दोन वाक्यं पुरी करू देणार नाहीस.

बॅग नेलेली नाही. पलंगाखाली बघ. दाढीचा ब्रश तेवढा आणला आहे. मंगळवारी परत येतो. घरात घेतेस की नाही ते तू बघ.

प्रेबेनला आजार आहे. खांद्यांतली ताकद जाते. चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, उतार पडणार नाही. कोपरापासून पुढचा हात चालतो, लिहितो, पण हात वर उचलत नाही. आधी डोक्यापर्यंत जायचा, मग हनुवटीपर्यंत, आता मांडीवरून उचलून टेबलावर ठेवायलाही झोका द्यावा लागतो. बँकेत खुर्चीत बसून काम आहे, कोट व्हिबेके चढवते, म्हणून कुणाला कळलं नाही. कळलं तर घरी बसवतील. त्याला पंचवीस वर्षं पुरी करायची होती. कुणाची कीव नको होती. त्याने व्हिबेकेकडून वचन घेतलं, मग माझ्याकडून.

भिंत म्हणून खाली येते. तो जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत आम्ही ती आणतो. त्याला आपलं पुस्तक आपल्या हाताने काढायचं असतं. बाकी दोन दिवस मी त्याला आंघोळ घालतो, केस धुतो, दाढी करतो. तो वजनाने जड आहे आणि व्हिबेकेची पाठ गेली आहे. मी आलो की ती झोपते. नुसती झोपते.

शिळेचं मला माहीत नव्हतं. व्हिबेकेने सांगितलं की तू लिहिलंस. मी विचार केला. तिथे कुणाला तरी माझा उपयोग आहे, म्हणून असेल.

काल प्रेबेनला म्हटलं, मी थोराला सांगणार, नाहीतर तुझ्यापायी माझं घर जाईल. त्याने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, सांग. आणि म्हणाला, तिला हेही सांग की मार्चमध्ये तिचा हात घेतला नाही तो वासामुळे नव्हे. हात उचललाच नाही. तू माझ्या आधी दाराबाहेर पडलीस तेव्हा त्याला रडू आलं होतं, हे तो म्हणाला नाही, मी बघितलं.

आता काचेचं कपाट खाली घ्यायला हवं. पाहुण्यांना त्याला आपल्या हाताने पेले काढून द्यायचे आहेत. पण ऐकत नाही. अजून जमतं म्हणतो. काल एक पेला फुटला. तरी नाही म्हणतो. खाच खाली आली की तो आठवडाभर बोलत नाही. मला काय बोलावं सुचत नाही.

एगॉन


एस्बियर, २२ सप्टेंबर १९६६

चि. सौ. व्हिबेके हिला आशीर्वाद. वि. वि.

एगॉन मंगळवारी आला. मी दार उघडलं, जेवायला वाढलं. पत्र सोमवारीच मिळालं होतं. मी रडले नाही. घरातली सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा पुन्हा घासली, आणि मग चूल पुसली.

मला वाईट वाटलं प्रेबेनचं. फार वाटलं. ते लिहायला मला जमणार नाही, तू समजून घे. मी जे बोलले ते मी गिळते, शब्द न शब्द, काट्यासकट.

पण राग गेला असं समजू नकोस. आता उलट जास्त जळते. आधी वाटत होतं, तू माझा नवरा नेलास. आता कळतं, तुम्ही तिघांनी मिळून एक घर केलंत आणि मला बाहेर ठेवलंत. का? तर थोराचं तोंड. थोराला सांगितलं की एस्बियरच्या बंदरात भोंगा वाजेल. होय, तोंड आहे मला. पण एक सांग, तुझं कुठलं गुपित या तोंडातून बाहेर पडलं? सोळाव्या वर्षी पोस्टमनच्या मोटारसायकलवर बसून तू दोन दिवस कुठे होतीस ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझ्या पोटातलं मूल गेलं तेव्हा त्या चादरी मी धुतल्या. एगॉनलाही माहीत नाही. तीस वर्षांत मी कुणाला बोलले? मोठ्याने बोलणारी माणसं सगळंच बोलत नाहीत, बाई.

आणि त्या लाकडाचाही मला हेवा वाटतो, हे लिहूनच टाकते. मी समजत होते, दिखाऊपणा आहे, शहरी चोचले. आता वाटतं, ज्या कुणी त्या खाचा पाडल्या त्याने माणूस बघून पाडल्या. माणूस उंच असो, बुटका असो, म्हातारा होवो, खाली बसो, भिंत म्हणते, चल, मीही येते खाली. आमच्या मुकादमाला जेवढी अक्कल नाही तेवढी त्या फळीला आहे.

मी बुधवारी, अठ्ठावीसला, दुपारच्या गाडीने येते आहे. एकटी. कारखान्यातून रजा काढली आहे, मुकादम कुरकुरला, मी म्हटलं कुरकुर. एगॉन इथे राहील आणि एकदा बटाटे आपले आपण उकडेल. या वेळी तुझ्या भिंतीला माझा हात लागणार. प्रेबेनला आधी सांगू नकोस, नाहीतर तो दाराला कडी घालेल.

मधल्या पत्रांतला विखार चुलीत टाक, माया तेवढी काढून ठेव.

तुझी,
थोराताई


ओडेन्स, २ ऑक्टोबर १९६६

प्रिय एगॉन,

खुशाल आहे. तूही असशील. बटाटे तळघरातल्या डाव्या पेटीतले आधी संपव, उजवे ख्रिसमससाठी आहेत.

तुला सगळं सांगते, तुझ्यासारखं चार ओळींत नाही.

बुधवारी मी दारात उभी राहिले तर प्रेबेनचा चेहरा पांढरा झाला. व्हिबेके मध्ये पडायला लागली. मी तिला म्हटलं, तू जा आणि झोप. ती उभीच. मी पुन्हा म्हटलं, झोप म्हणते ना. गेली. दहा तास झोपली, एगॉन, मध्ये दोनदा मी जाऊन श्वास चालू आहे का बघून आले.

मग मी प्रेबेनसमोर खुर्ची ओढली. त्याला म्हटलं, मला एगॉनने सांगितलं आहे, आता लाजायचं तर दोघं मिळून लाजू, कारण मी तुझ्याबद्दल काय काय लिहिलं ते तुझ्या बायकोला विचार. तो खाली बघत म्हणाला की त्याने ते वाचलं आहे. मी म्हटलं, मग फिटंफाट. थोड्या वेळाने तो म्हणाला की कपाट जिथे आहे तिथे ठीक आहे, अजून जमतं. मी म्हटलं, दाखव. त्याने सगळं अंग हलवून हात झोकला, दाराच्या कडेला बोटं लागली आणि हात खाली पडला. पुन्हा झोकला. पुन्हा पडला. तू म्हणतोस तुला काय बोलावं सुचत नाही. मला सुचलं. मी म्हटलं, तुझा हात वर येत नाही तर पेला खाली येईल. पेल्याचा त्यात काही अपमान होत नाही, तर तुझा कुठून झाला? आणि उद्या मॅनेजरसमोर पेला फुटून काच त्याच्या बायकोच्या बुटात गेली तर मी झाडणार नाही, आधीच सांगते.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हाकलतो. मग तो हसायला लागला. खांदे हलत नाहीत त्याचे हसताना, नुसतं पोट हलतं. व्हिबेके सांगते, वर्षभरात हसला नव्हता. तुम्ही सगळे त्याच्याभोवती चवड्यांवर चालत होतात, त्यालाही तेच वाटायला लागलं असेल की आपण काचेचे आहोत.

कपाट मी आणि व्हिबेकेने शुक्रवारी सकाळी खाली घेतलं. दोन खाचा. आधी पेले बाहेर काढले, मग मी डावीकडून, ती उजवीकडून, आणि प्रेबेन खुर्चीतून हुकूम सोडत होता, थोडं पुढे, थोडं माझ्याकडे, तुम्हा बहिणींना सरळ रेघ म्हणजे काय माहीत आहे का. पितळी आकडा खाचेत बसला की टक् असा बारीक आवाज होतो. मला तो आवाज फार आवडला. मी ते पुन्हा उचलून पुन्हा बसवलं, नुसतं ऐकायला. व्हिबेके म्हणाली, ताई, खेळणं आहे का ते.

आंघोळही मीच घातली. त्याला मी म्हटलं, रोज शेकडो कॉड मासे माझ्या हाताखालून जातात, त्यांतला एकही लाजत नाही. त्याने डोळे मिटून घेतले आणि केस धुऊन घेतले.

काल अकराला मंडळी आली. अंगणात झेंडा चढवला होता, बदामाचा गोड पाव होता, बँकेने फुलं आणि घड्याळ दिलं. प्रेबेन कपाटाशेजारी बसला होता, निळा कोट घालून. मॅनेजरने भाषण सुरू केलं तसा त्याने कपाटाचं दार आपल्या हाताने सरकवलं, एक एक पेला काढला, मांडीवर धरला, आपल्या हाताने भरला आणि एकेकाला दिला. पंधरा पेले. एक थेंब सांडला नाही. मी दाराशी ताट घेऊन उभी होते, पाव फिरवायचा विसरून गेले.

आणि ऐक, मॅनेजरीणबाई भिंतीसमोर उभी राहून चष्मा लावून बघत होती. मला विचारते, सगळं इतकं खाली कसं हो, असं आम्ही कुठे पाहिलं नाही. व्हिबेकेचा चेहरा उतरला. मी म्हटलं, कोपनहेगनला आता असंच लावतात, वर लावणं जुनं झालं. ती म्हणाली, हो का. मी म्हटलं, खुर्चीत बसून नजरेला दिसलं पाहिजे, हीच तर नवी तऱ्हा. बाईने पर्समधून पेन्सिल काढून लिहून घेतलं. आता बघ, ख्रिसमसपर्यंत ओडेन्सच्या निम्म्या बँकवाल्यांच्या भिंती गुडघ्यावर येतील आणि बायका वाकून वाकून मरतील. प्रेबेनने ऐकलं. मांडीवरच्या पेल्यावर वाकून पीत होता, नळी असते ना त्याची, ती त्याच्या नाकात गेली हसताना.

जाताना मॅनेजर एकटाच मागे राहिला तेव्हा प्रेबेनने त्याला स्वतः सांगितलं. सगळं. नव्या वर्षापासून येणार नाही म्हणाला. मॅनेजर खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. आता काही लपवायचं उरलेलं नाही. एक नर्स येईल आठवड्यातून दोनदा, आणि एकदा तू किंवा मी. आपण पाळी लावू.

आता तुझ्याशी बोलायचं ते. तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. व्हिबेकेचा हेवा मला वाटायचा, तो बुधवारी तिला आडवी झोपलेली बघून संपला. भिंतीचा हेवा अजून आहे, तो राहू दे, तो चांगला हेवा आहे. पण तू चार वर्षं एक एवढी मोठी गोष्ट पाठीवर घेऊन माझ्याशेजारी झोपलास आणि मला वाटलं तू थंड माणूस आहेस. मी जगभर सांगत फिरले की माझा नवरा लाकूड आहे. तू त्या माणसाचे केस धुवायचास आणि घरी येऊन म्हणायचास, बटाटे दे. मला तुझा तो दुसरा माणूस कधी भेटलाच नाही, एगॉन. तो ओडेन्सला येणाऱ्यांनाच भेटायचा. त्याच्यापायी मी कुणाचा हेवा करावा हेही कळत नाही.

मी शनिवारी साडेचारच्या गाडीने येते. स्टेशनवर ये. आणि काहीतरी बोल. जहाजाचं बोल, डेकच्या फळ्यांचं बोल, काय बोलायचं ते तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही. दोन वाक्यं नाही, दहा होईपर्यंत थांबेन, आणि थांबले नाही तर माझा हात दाब, मी गप्प होईन.

रागासकट तुझी, आणि तशीच ठेवून घे,
थोरा